पोटगी वाढवून मागितली, तर उत्तर देण्याआधी

रात्री पावणेदहाला घटस्फोट झालेल्या बायकोचा मेसेज आला: 'पंधरात भागत नाही आता. बावीस कर, नाहीतर कोर्टात जाते.' मी 'बघतो' एवढंच लिहिलं आणि फोन पालथा घातला. त्या रात्री जे जे तोंडावर येत होतं ते टाइप केलं असतं, तर आज त्याची प्रिंट तिच्या वकिलाच्या फायलीत लागलेली असती. तेव्हा पहिलं काम हे: लगेच होही म्हणायचं नाही आणि नाहीही. 'कागद बघून रविवारपर्यंत कळवतो' असं लिहायचं आणि तो रविवार खरंच पाळायचा. तोवर चालू रक्कम ठरल्या तारखेला गेलीच पाहिजे. रागाने महिना अडवलात, तर वसुलीचा अर्ज येतो, आणि न भरणाऱ्याला तुरुंगातही पाठवायचा अधिकार कोर्टाला आहे. पैसे बँकेतूनच पाठवा, शेऱ्यात महिना लिहा. हातात दिलेल्या नोटांना साक्षीदार नसतो.

मग डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, आणि कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सही केलेल्या अटी, शोधा. माझ्या गॅसच्या पुस्तकाखाली सापडल्या. सर्टिफाइड कॉपी नसेल तर आताच अर्ज टाका. आदेश कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली असेल तर परिस्थिती बदलल्यावर तेच कोर्ट रक्कम वाढवू शकतं, कमीही करू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असेल, तर १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे आणि बदलाचा अर्ज कलम १४६ खाली होतो. एकरकमी देऊन 'पुढे कसलाही हक्क सांगणार नाही' असं लिहून घेतलं असेल तर हुरळून जाऊ नका. आईने स्वतःपुरतं काहीही लिहून दिलं तरी मुलाचा हक्क ती सोडून देऊ शकत नाही.

यानंतर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एकीकडे तिचं, दुसरीकडे मुलीचं. आमच्या २०१९ च्या कागदात पंधरा हजार असा एकच आकडा होता, वाढीचं कलमच नव्हतं, आणि मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आता सहावीत आहे. फी, व्हॅन, क्लास, वह्यापुस्तकं यांच्या पावत्या तिच्याकडे मागा; मागताना पोलिसी सूर नको. मुलीचा रकाना भरला की निम्मं भांडण तिथेच निवतं.

आता स्वतःची बाजू, आणि इथे लपवाछपवी नको. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, तीन वर्षांची रिटर्न्स आणि बँकेचे उतारे काढा. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, संपत्ती आणि देण्यांचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, म्हणजे तिलाही. ती नोकरीला लागली असेल तर ते मोजलं जाईल, पण नोकरी लागली म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या औषधांची बिलं लावा. हौसेने घेतलेल्या गाडीचा हप्ता मात्र कोर्ट सहसा ऐकून घेत नाही.

'पगाराच्या पंचवीस टक्के' हे प्रत्येक मित्र छातीठोकपणे सांगतो. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढी रक्कम योग्य धरली होती, पण तो सरसकट नियम नव्हे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा पन्नास हजार आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली. मी ती वाढ माझ्या पंधरा हजारांना लावून पाहिली: आज सतरा हजार तीनशेच्या आसपास. खूश झालो. मग दुसरा हिशेब मांडला. तेव्हा हातात शेहेचाळीस हजार पडायचे, आज एकाहत्तर. त्याच प्रमाणात द्यायचं म्हटलं तर तेवीस होतात. तिने बावीसच मागितले होते. हा हिशेब तिच्या वकिलाने मांडण्याआधी आपणच मांडलेला बरा.

भेटायचं तर दुपारी, हॉटेलात, दोघांनीच. ताई, मेहुणा, 'समजावणारे' काका यांना घरी ठेवा, आणि मुलीला तर नकोच. ठरलं की तोंडी सोडू नका; त्याच कोर्टात दोघांच्या सहीने अर्ज करून आदेशात बदल करून घ्या, वाढीचं कलम या वेळी विसरू नका.

माझ्या वहीत शेवटी आकडा होता साडेवीस. तिने वही स्वतःकडे ओढली, मुलीचा रकाना बोट फिरवत वाचला आणि विचारलं, "दातांच्या तारांचं धरलंयस का?"

धरलं नव्हतं.