शेततळ्यात मत्स्यबीजाची (माशांच्या पिलांची) बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मासे करताना

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेसाठी केलेल्या प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ वाढवायचे असतील तर हिशेब थंडीपासून उलटा धरा. हे मासे 25 ते 32 अंश सेल्सिअसच्या पाण्यात झपाट्याने वाढतात. पाणी 20 च्या खाली उतरले की खाणे मंदावते, आणि निफाडचा पारा तर डिसेंबर-जानेवारीत एक आकडीही होतो. बीज जुलै-ऑगस्टमध्येच सोडा. दिवाळीनंतर सोडलेले खुरटते.

अस्तरामुळे पाण्याला माती लागत नाही, म्हणून प्लवंग (मासे खातात ते पाण्यातले सूक्ष्म जीव) कमी. बीज सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी कुजलेले शेणखत गोणीत भरून पाण्यात टांगा. पाणी हिरवट झाले की हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसला तर पाणी तयार. त्याआधीच दिसेनासा झाला तर गोणी बाहेर काढा.

बीजाच्या पिशवीचे तोंड न सोडता 20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा. मग तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत घेत बीज आपणहून बाहेर पडू द्या. हे काम सकाळी उरका, भर दुपारी नको. इंचभर बीज गुंठ्याला 2,000 पुरे.

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समप्रमाणात. 2,000 बीजांचे वजन सुरुवातीला जेमतेम अर्धा किलो. त्याच्या 8 टक्के म्हणजे रोज 40 ग्रॅम. एवढेसे खाद्य पाहून हात हमखास सैल सुटतो! उरलेली पेंड तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, आणि पाण्याचा सामू (pH) 8.5 च्या वर गेला तर तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. दर पंधरवड्याला थोडे मासे जाळ्यात धरून वजन करा, खाद्य त्यावर ठरवा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. रात्री शैवालही तो वापरते, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. तळ्याचेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पाडा आणि त्या दिवशी खाद्य बंद. ढगाळ हवेत तर हे आदल्या रात्रीच सुरू करा.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या वाढतात. बोर्डो मिश्रणातले (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातले) तांबे माशांना घातक असते. ब्लोअरची टाकी तळ्याकाठी धुऊ नका, आणि वारा तळ्याकडे असेल तर फवारणी थांबवा.