दहा लॉरा, वीस डिस्क: ग्रुपनी ब्रेक डिस्क मागवायच्या असतील तर

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलं की ज्याच्या गाडीतून जळका वास येतो आणि पेडल दाबलं की स्टीअरिंग थरथरतं, त्याचा रात्री आमच्या स्कोडा लॉरा गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज येतोच, "भावांनो लॉराच्या चांगल्या डिस्क कुठे मिळतील?" मग दहा मिनिटांत सात जण "मी पण", "माझ्या पण गेल्यात", "किती पडेल दादा?" आणि कोणीतरी म्हणतं की एकत्र मागवूया ना, स्वस्त पडेल. इथपर्यंत सगळे खूश. पुढची धावपळ मात्र कोणालाच नको असते, ती ज्याच्या गळ्यात पडते त्याच्यासाठी हे लिहितोय. माझ्या गळ्यात दोनदा पडलीये.

रोटर म्हणा, डिस्क म्हणा, वस्तू एकच, चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती, जिला ब्रेक मारला की पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. गॅरेजमध्ये डिस्कच म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणतो.

सगळ्यात आधी माप. भाव विचारायची घाई करू नका, दुकानदाराला फोन लावायच्या आधी प्रत्येक गाडीच्या डिस्कचं माप हातात पाहिजे. आपल्याकडे स्कोडा लॉरा 2005 ला आली आणि 2013 पर्यंत विकली गेली, तिचा प्लॅटफॉर्म गोल्फ 5 आणि जेटाशी मिळताजुळता, त्यामुळे युरोपात तिच्या पार्टची चंगळ आहे, पण त्याच चंगळीमुळे घोळ पण होतो. पुढची डिस्क 280 बाय 22 ची असू शकते, 288 बाय 25 ची असू शकते, पहिला आकडा व्यास आणि दुसरा जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. "माझी 2010 ची डिझेल आहे" हे माप नव्हे. डिकीत स्टेपनीजवळ आणि सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावर तीन तीन अक्षरांचे कोड असतात, त्याला पीआर कोड म्हणतात. पुढच्या ब्रेकचा कोड बहुतेक 1झेड नी सुरू होतो आणि मागचा 1के नी. त्या स्टिकरचा फोटो मागवा, आणि तेवढ्यावर थांबू नका, चाक काढून डिस्कवर पट्टी धरलेला दुसरा फोटो पण मागवा. आमच्यात एकाची सेकंडहँड गाडी, स्टिकर म्हणतोय 280, चाक काढलं तर 288, आधीच्या मालकानी कधी बदललं देव जाणे. फोटो मागितला नसता तर त्याच्या डिस्क आज माझ्या गॅलरीत पडून असत्या.

आणि लगेच एकजण विचारणारच की मग सगळ्यांनी मोठी 312 ची का नको? होते, पण ती नुसती डिस्कची ऑर्डर राहत नाही. 288 वरून 312 ला जायचं तर कॅरिअर, म्हणजे कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) धरणारी चौकट, बदलायला लागतो आणि चाक कमीत कमी 16 इंची लागतं, आणि 280 वाल्याला डिस्क 22 ची 25 जाड झाल्यामुळे कॅलिपर पण. म्हणजे एकाची चौदा हजारांत सुटणारी गोष्ट दुसऱ्याची चाळीस हजारांत जाते आणि ग्रुप तिथेच फुटतो. माझं सरळ मत, ग्रुप ऑर्डर कंपनीच्याच मापात करा, फक्त चांगल्या मालाची. ज्याला 312 पाहिजे त्यानी आपली वेगळी चूल मांडावी. मोठ्या डिस्कचा एक फायदा असाही की इन्शुरन्सवाल्याला कळवायचं की नाही यावर तीन दिवस वाद घालता येतो.

"अपग्रेड" मध्ये नेमकं काय, हे पण आधीच ठरवा. भोकं पाडलेली डिस्क फोटोत भारी दिसते पण सतत तापून गार झाली की भोकाभोवती बारीक चिरा पडतात, रस्त्यावरच्या गाडीला ती कशाला. खाचा पाडलेली म्हणजे स्लॉटेड, ती पॅडचा तोंडावरचा जळका थर खरवडून काढते, ओल्यात पकड बरी, पण पॅड लवकर संपतात आणि जोरात ब्रेक मारला की घुर्र आवाज येतो. तिसरा पर्याय साधी हाय कार्बन (लोखंडात कार्बन जास्त असलेली) डिस्क, वरून कोटिंग केलेली, म्हणजे मुंबई-कोकणाच्या हवेत मधल्या टोपीला आणि कडेला लवकर गंज धरत नाही. ग्रुपवर पोल टाकायचा तर दोनच पर्याय टाका. मी पहिल्यांदा पाच टाकले, अकरा जणांनी मिळून पाचही निवडले, आणि प्रत्येक पर्यायाला दोन-दोन गिऱ्हाईकं म्हटल्यावर कसली घाऊक सूट आणि काय.

एक कटू गोष्ट पण सांगून टाका, नाहीतर नंतर शिव्या तुम्हाला बसतात. नुसत्या डिस्क बदलून गाडी कमी अंतरात थांबत नाही, शेवटी थांबवतो तो टायर. चांगल्या डिस्कनी काय होतं, तर घाटात चौथ्या-पाचव्या वळणाला पण ब्रेक पहिल्यासारखा लागतो आणि थरथर जाते. आणि जुनेच घासलेले पॅड नव्या डिस्कवर लावणार असाल तर डिस्क घेऊच नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, डॉट 4 ताजं असताना किमान 230 डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की ती हमी 155 पर्यंत खाली येते, आणि उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला. म्हणून ऑर्डर डिस्क अधिक पॅड अशी जोडीनीच काढा, दुकानदार पण त्यावर जास्त सोडतो.

आता पैसे. इथे मैत्री बाजूला. ग्रुपवरच्या "मी पण" ला काडीची किंमत नाही, आमच्याकडे चौदा जण होते, टोकन मागितलं तेव्हा आठ राहिले, बाकी कोणाचं लग्न निघालं, कोणाची गाडी विकायला काढली. दुकानदाराकडून भाव घेताना तीन टप्प्यात घ्या, पाच जोड्यांना काय, दहाला काय, पंधराला काय, आणि ग्रुपला सांगताना पाचचाच भाव सांगा. दहा झाल्या तर सगळे खूश होतात, आणि दहाचा भाव सांगून सहाच उरले तर फरक तुमच्या खिशातून जातो (विचारा मला). शेवटची तारीख ठेवा, तारखेनंतर आलेल्याला प्रेमानी पुढच्या वेळी म्हणा.

पैसे शक्यतो स्वतःच्या खात्यात घेऊच नका. दीड-दोन लाख अनोळखी नावांनी यूपीआयवर येतात आणि दोन दिवसांनी तेवढेच एकरकमी बाहेर जातात, हे समजावत बसायचा कुटाणा कशाला. प्रत्येकानी थेट दुकानदाराला भरायचे, प्रत्येकाच्या नावानी पक्कं जीएसटी बिल, आणि ग्रुपच्या नावांच्या शीटवर फक्त व्यवहाराचा नंबर टाकायचा. वॉरंटी मागायची वेळ आली तर बिल ज्याच्या नावावर त्याचंच ऐकतात, तुमच्या एकट्याच्या नावावर दहा जोड्यांचं बिल असेल तर पुढची दोन वर्षं तुम्ही सर्व्हिस सेंटर. सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवर 18 टक्के जीएसटी आहे, आधी 28 होता, तेव्हा कोणी जुन्या कोटेशनवर 28 लावून देत असेल तर विचारा. आणि "बिल नको असेल तर अजून कमी करतो" हे ब्रेकच्या बाबतीत ऐकूच नका, डुप्लिकेट माल तिथूनच शिरतो.

नाना पेठेत आधी फिरून या, पुण्याबाहेरचे असाल तर तुमच्या गावातला स्पेअर पार्टचा बाजार. नेहमीच्या ब्रँडची साधी डिस्क तिथे समोर मिळते आणि हातात घेऊन बघता येते. खास डिस्क बाहेरून मागवायची असेल तर एक खाचखळगा आहे, एकाच माणसाच्या नावावर वीस डिस्क आल्या तर कस्टमवाला त्याला घरगुती वापर मानणार नाही, व्यापारी आयात म्हटली की आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर लागतो. तो आपल्याकडे नसतो, म्हणून ज्याच्याकडे आहे अशा आयातदारामार्फतच मागवा. आणि भाव काढताना लक्षात ठेवा, आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) नुसत्या डिस्कच्या किमतीवर लागत नाही, किंमत, भाडं, विमा आणि वर ड्युटी, या सगळ्याच्या बेरजेवर लागतो. युरोपातल्या साइटवरचा आकडा रुपयात करून ग्रुपवर टाकणारा एक उत्साही प्राणी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला प्रेमानी गप्प बसवा.

डिस्क म्हणजे ओतीव लोखंड, 280 ची एक डिस्क सहा-सात किलो भरते, दहा जोड्या म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. कुरिअरपेक्षा ट्रान्सपोर्ट स्वस्त, पण पॅकिंग फुटलं की कड उडते आणि कड उडालेली डिस्क म्हणजे भंगार. प्रत्येक जोडी वेगळ्या खोक्यात, मध्ये पुठ्ठा, असं लिहून घ्या. एका नावावर माल येणार असेल आणि रक्कम परराज्यातून पन्नास हजारांच्या वर किंवा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र लागतं, ते विकणाऱ्यानी काढायचं, आधीच बोलून ठेवा.

माल वाटताना आमची जी फजिती झाली ती सांगतोच. रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सगळे जमले, चहा आला, आणि फोटो पाहिजेत म्हणून सगळ्यांनी खोकी उघडून वीसच्या वीस डिस्क बोनेटवर मांडल्या. फोटो झकास आले. मग ज्याच्या हाताला जी लागली ती त्यानी खोक्यात भरली. स्लॉटेड डिस्कला डावी-उजवी असते, टोपीवर बारीक खूण असते, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात पण नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून एकाचा फोन, "दादा, मला दोन्ही डाव्याच आल्यात." दोन उजव्या निघाल्या नाशिकला, त्या माणसानी गाडी अजून खोललीच नव्हती म्हणून बरं. तेव्हापासून खोक्यावर मार्करनी नाव, डावी-उजवी, आणि खोकं घरी जाऊनच उघडायचं, फोटोचा नाद सोडा.

बसवणं गॅरेजवाल्याचं काम, पण काही गोष्टी समोर उभं राहून बघा. डिस्क धरणारा एक छोटा टॉर्क्स स्क्रू असतो, टी30, वर्षानुवर्षं गंजलेला, घाईत त्याचं तोंड घसटलं की ड्रिल मारत बसा, आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबायला लावा. हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, चेहरा तारेच्या ब्रशनी चकचकीत झालाच पाहिजे, गंजाचा एक कण आत राहिला तरी डिस्क वाकडी फिरते आणि लोकं म्हणतात डिस्कच खराब आली, ग्रुप ऑर्डरच्या निम्म्या तक्रारी इथल्याच. नव्या डिस्कवर तेलाचा हात असेल तर तो ब्रेक क्लीनरनी पुसायचा. मागच्या डिस्क पण बदलत असाल तर मागच्या कॅलिपरचा पिस्टन फिरवत फिरवत आत घालायचा असतो, हँडब्रेकची यंत्रणा त्यातच आहे, कोणी सी क्लॅम्प लावून दाबायला लागला तर हात धरा. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनी, 120 न्यूटन मीटर.

मग बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसवून घेणं. मोकळा रस्ता बघून, पहाटे, ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोरानी आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवत राहायचं, पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात न लावता गार होऊ द्यायचं. तापल्या डिस्कवर ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो आणि तीच थरथर परत. हे चार ओळीत लिहून ग्रुपवर पिन करा, तरी दोघं जण थेट ताम्हिणीला जाऊन आधी व्हिडिओ काढतीलच.

शीटवर शेवटचा रकाना "बेडिंग झालं, आवाज नाही, थरथर नाही" असा ठेवा आणि दहाच्या दहा जणांची टिक येईपर्यंत दुकानदाराशी बोलणं चालू ठेवा. तोपर्यंत जुन्या डिस्क पण भंगारात देऊ नका, एखादी नवी बदलून यायला आठ दिवस लागले तर तेवढे दिवस गाडी त्याच जुन्यांवर चालते. फक्त टोपीवर लिहिलेली कमीत कमी जाडी बघून घ्या, 22 वालीला 19 आणि 25 वालीला 22, त्याच्या खाली गेलेली असेल तर परत लावायची नाही. मग भंगारवाल्याला बीड म्हणून द्या, किलोवर घेतो. माझी एक अजून गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून आहे, घरच्यांची पायाची बोटं दोनदा तिच्यावर आपटलीत.