फिजीला जाताना घ्यावयाची काळजी
फिजीच्या प्रवासाची तारीख ठरवताना विमानभाड्याआधी ऋतू पाहावा, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा काळ असून फेब्रुवारी 2016 मध्ये आलेल्या विन्स्टन या पाचव्या श्रेणीच्या वादळात 44 जणांचा बळी गेला होता. याच काळात जाणे भाग असेल, तर परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र विटी लेवू या मुख्य बेटावरच काढावी, म्हणजे समुद्र खवळून लहान बेटांवरच्या बोटी बंद झाल्या तरी विमान चुकणार नाही.

फिजीत मलेरिया नाही, डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावत असल्याने केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबणे भाबडेपणाचे ठरते. डास पळवणारे मलम दिवसाही लावावे. ताप आल्यास डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते.

प्रवाळावर पाय खरचटला, तर ती जखम कितीही क्षुल्लक वाटली तरी लगेच स्वच्छ पाण्याने नीट धुवावी, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर दमट हवेत ती लवकर चिघळते.