वेलीची ‘इम्युनिटी’ वाढवताना या चुका टाळा

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर नाशिक-सांगलीकडचा कुठलाच द्राक्षवाला विसरणार नाही. छाटण्या झालेल्या, कुठे पोंगा (नुकता फुटणारा डोळा), कुठे फुलोरा, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या बागेत सकाळी पान उलटं केलं की खाली पांढरी लव दिसायची. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. त्या घाईत दुकानातून एक बाटली आणली, लेबलावर लिहिलेलं ‘झाडाची प्रतिकारशक्ती वाढवते’. तीन दिवसांत दोन फवारे मारले. घडकूज व्हायची ती झालीच. बाटलीला भरपूर शिव्या घातल्या. पुढे हा विषय नीट वाचला, जाणकारांना विचारलं, तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त चूक माझी होती.

रोग दिसल्यावर बाटली उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो.

डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत जातात आणि पानाखालच्या श्वासरंध्रातून आत शिरतात. आपल्याला तेलासारखा पिवळट डाग दिसतो तो त्यानंतर काही दिवसांनी. म्हणजे डाग दिसला तेव्हा चोर घरात शिरून जेवून बसलेला असतो.

इकडे वेलही गप्प बसलेली नसते. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ओळख पटवणारी प्रथिनं असतात. रोगजंतूच्या पेशीभिंतीचा एखादा तुकडा त्यांना लागला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम घुसतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत रसायनं तयार होतात आणि निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. मग शेकडो जीन्सचं काम बदलतं. काही जोरात चालू होतात, काही मंदावतात. रोगाची भिंत कुरतडणारी ग्लुकानेज, कायटिनेज ही प्रथिनं बनू लागतात. द्राक्षात एक खास रसायन बनतं, रेझ्व्हेरॅट्रॉल. वाइनच्या जाहिरातीत मिरवणारं ते हेच, वेलीसाठी मात्र ते रोगाविरुद्धचं हत्यार आहे.

आता गंमत बघा. हे हत्यार बनवणारे जीन्स आपल्या थॉमसन, सोनाका आणि तास-ए-गणेश या युरोपीय वंशाच्या जातींमध्ये भरपूर आहेत. रानटी अमेरिकन द्राक्षांच्या प्रतिकारक जातींमध्येही आहेत. मोठा फरक वेगाचा. त्या जाती हल्ला लवकर ओळखतात आणि लगेच कामाला लागतात, आपली वेल उशिरा जागी होते. डाऊनी मुळात अमेरिकेतला रोग, युरोपात पोचला १८७० च्या दशकात. त्याच्यासोबत हजारो वर्षं राहण्याची वेळ युरोपीय द्राक्षावर कधी आलीच नव्हती.

‘इम्युनिटी’ची बाटली या वेगावर काम करते. सॅलिसिलिक ॲसिडसारखा घटक, किंवा खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढलेलं कायटोसान, वेलीला खोटी वर्दी देतं की रोग आलाय. वेल तयारीला लागते, पण तयारीला वेळ हवा. १९६१ मध्ये रॉस नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या खालच्या पानांना विषाणू टोचला होता. वरच्या निरोगी पानांत प्रतिकार जाणवायला दोन-तीन दिवस लागले आणि तो पूर्ण चढायला आठवडा. मी डाग दिसल्यावर वर्दी दिली होती. वर्दी द्यायची पोंग्यानंतरच्या कोवळ्या पानांवर, हवामान खात्याचा पावसाचा इशारा यायच्याही आधी. डाग दिसल्यावर थेट रोगावर मारा करणारं शिफारशीतलं औषधच लागतं.

‘जीन बदलतं’ असं समजणं

कुणी सांगतं या फवाऱ्याने जीन बदलतं, म्हणून माल निर्यातीला चालणार नाही. नाही हो. जीन तेच राहतं, फक्त चालू-बंद होतं. घरात वायरिंग तेच असतं, आपण बटण दाबतो. बीटी कपाशीत बाहेरचं जीन आत बसवलेलं असतं, ती वेगळी गोष्ट.

आणि माणसाच्या लसीशीही तुलना फार ताणू नका. झाडाला रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशी आपापली राखण करते आणि शेजारणीला निरोप पाठवते.

डॉगरिजच्या खुंटावर विसंबणं

‘खुंट अमेरिकन आहे, रोग कमी येईल.’ हे मी चांगल्या शिकलेल्या बागायतदारांकडून ऐकलंय. डॉगरिज हा अमेरिकन खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड. तो आपण घेतला पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून. वर कलम थॉमसनचं, तर पानातले जीन्सही थॉमसनचे, आणि डाऊनी येते ती पानावर, घडावर.

सगळ्या रोगांना एकच बटण दाबणं

झाडाकडे ढोबळमानाने दोन फळ्या असतात. डाऊनी, भुरी यांसारखे रोग जिवंत पेशीतून खातात, त्यांच्याविरुद्ध सॅलिसिलिक ॲसिडची फळी. टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्यासारखे रोग पेशी मारून खातात आणि अळी पान कुरतडते, त्यांच्याविरुद्ध मुख्यतः जॅस्मोनिक ॲसिडची. या दोन फळ्यांचं आपसात फारसं पटत नाही. एक जोरात चढली की दुसरी बऱ्याचदा दबते. म्हणून डाऊनीवर चाललेलं उत्पादन शेजाऱ्याच्या टोमॅटोच्या करप्यावर चालेलच असं नाही, उलटंही घडू शकतं. ‘सर्व पिके, सर्व रोग’ असं लेबल दिसलं की मी बाटली परत ठेवतो.

मुळाशी दिलेले काही उपयोगी जिवाणू आणखी वेगळ्या वाटेने जातात. ते जीन्स पूर्ण चालू करत नाहीत, वेलीला फक्त सावध ठेवतात. खरा रोग आला की ती नेहमीपेक्षा लवकर हलते.

दुप्पट डोस

सॅलिसिलिक ॲसिड जास्त झालं की पानाच्या कडा करपतात, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं. संरक्षण फुकट होत नाही. जी साखर आणि नत्र घडाला जायला हवं ते हत्यारं बनवण्यात जातं. गव्हावरच्या एका प्रयोगात रोग नसताना असा उत्तेजक फवारला तर वाढ आणि दाणे दोन्ही घटले, आणि नत्र कमी होतं तिथे जास्त घटले. त्यामुळे दर आठ दिवसांनी ‘एक टॉनिक म्हणून’ मारत राहणं हा शुद्ध तोटा.

फॉस्फरस आणि फॉस्फोरिक

दोन्ही ॲसिडच, नावं सारखी, आणि डब्यावरची अक्षरं बारीक. फॉस्फोरिक हे खत. फॉस्फरस ॲसिड (त्याचं पोटॅशियमचं मीठ आपण डाऊनीसाठी वापरतो) रोगालाही दाबतं आणि वेलीचं संरक्षणही जागं करतं, पण स्फुरदाचं खत म्हणून वेलीला त्याचा उपयोग होत नाही. खत समजून एकाची जागा दुसऱ्याला दिली की दोन्हीकडून गेलं. द्रावण आम्लधर्मी राहिलं आणि त्यात तांब्याचं औषध मिसळलं तर मोकळं झालेलं तांबं कोवळी पानं भाजतं. टाकीत मिसळण्याआधी पीएच बघा. युरोपला माल जाणार असेल तर फॉस्फोनिक ॲसिडचा (फॉस्फरस ॲसिडचंच दुसरं नाव) अंशही तपासला जातो, हे निर्यातदाराला आधीच विचारून घ्या.

उन्हाचा हिशेब न धरणं

हे द्राक्षापेक्षा टोमॅटोवाल्यांसाठी. सूत्रकृमीला (मुळांना गाठी करणारे बारीक जंत) दाद न देणाऱ्या बहुतेक जातींत एमआय नावाचं जीन असतं, रानटी टोमॅटोतून आणलेलं. जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते ढिलं पडतं. उन्हाळी लागवडीत मुळांना गाठी दिसल्या की आपण थेट रोपवाटिकेशी भांडायला जातो. त्याआधी दुपारी मुळाशी थर्मामीटर खुपसून बघा. आच्छादन आणि पाण्याच्या वेळा बदलून काही अंश उतरवता येतात.

पट्टा न सोडणं

आम्ही सगळेच हे करतो. पूर्ण बाग फवारायची, मग हवा कोरडी पडते, रोग आपोआप थांबतो आणि श्रेय बाटलीला जातं. किंवा पाऊस वाढतो आणि शिव्या बाटलीला. मी आता दरवर्षी मधल्या दोन ओळींत हे उत्तेजक मारत नाही, बाकीची औषधं तीच. खांबाला लाल रिबीन बांधतो म्हणजे ब्लोअरवाला चुकत नाही. आठवड्याने दोन्हीकडची शंभर-शंभर पानं उलटी करून डाग मोजतो. तासाभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे.

पहिल्या वर्षी रिबिनीच्या ओळींत आणि बाकी बागेत काहीच फरक निघाला नाही. तेव्हाही मी फवारा डाग बघूनच मारला होता. दुसऱ्या वर्षी तो वेलीला चौथं-पाचवं पान फुटलं तेव्हाच, डाग दिसायच्या आधी मारला, आणि रिबिनीच्या ओळींतले डाग मोजताना मला वहीचं पान उलटावं लागलं.