पगारी टीचर ट्रेनिंगची तयारी आणि माझी दहावीची मार्कशीट

इंग्लंडमध्ये पगार घेत घेत टीचर व्हायचा जो रस्ता आहे ना, पोस्टग्रॅज्युएट टीचिंग अप्रेंटिसशिप, त्याबद्दल ओळखीतल्या चौथ्या जणीने विचारलं म्हणून आता एकदाच लिहून टाकते. पहिल्या वर्षी मी हातात आलेली सीट घालवली होती, कारण खाली येईलच, पण आधीच सांगते, दहावीची मार्कशीट शोधा. आत्ता. वाचायचं थांबवून आईला फोन केलात तरी चालेल.

सगळ्यात आधी आपण यात बसतो का ते बघा. शाळा तुम्हाला नोकरीवर ठेवते, फी भरायची नसते, पगार अनक्वालिफाइड टीचरच्या स्केलवर (२०२४-२५ ला लंडनबाहेर ते वर्षाला २१,७३१ पौंडांपासून सुरू व्हायचं). पण सरकारी फंडिंग असल्यामुळे कोर्स सुरू व्हायच्या आधीची ३ वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून येऊन तेवढी वर्षं झाली असतील तर मार्ग आहे, गेल्या वर्षी आला असाल तर थांबा, उगाच फॉर्म भरू नका. स्टुडंट व्हिसावर तर हे होतच नाही. आणि शेवटी क्यूटीएस मिळतं, म्हणजे टीचर म्हणून मान्यता, पीजीसीई (टीचिंगचं युनिव्हर्सिटीचं पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट) प्रत्येक ठिकाणी जोडून मिळत नाही, पुढेमागे दुबई किंवा सिंगापूरला जायचा विचार असेल तर हे अर्ज करण्याआधीच विचारून घ्या.

आता कागद. डिग्री असतेच सगळ्यांकडे, छान प्लास्टिकमध्ये घालून बॅगेतून आणलेली. तिचं यूके एनिककडून (परदेशी डिग्री इथल्या कशाच्या तोडीची ते सांगणारी संस्था) कम्पॅरेबिलिटीचं सर्टिफिकेट काढायचं, हेही सगळ्यांना माहीत असतं. पण इथे टीचर व्हायला डिग्रीच्या जोडीला जीसीएसईचं (इथली शाळेची परीक्षा) इंग्लिश आणि मॅथ्स ग्रेड ४ च्या तोडीचं लागतं, प्रायमरीला सायन्ससुद्धा, आणि आपली जीसीएसई म्हणजे दहावी! एमएस्सी फर्स्ट क्लास असलेल्या बाईला वीस वर्षांनी कुणी दहावीचे मार्क विचारेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मार्कशीट माहेरी, लोखंडी कपाटात, नाहीतर ट्रंकेत, नाहीतर बाबांनी कुठेतरी "नीट" ठेवलेली. भावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तो वरून कापलेला आणि ट्यूबलाइटचा उजेड पडलेला, तो कोण घेणार? ओरिजिनल कुरिअरने येईपर्यंत ऑफरच्या अटी पूर्ण करायची तारीख उलटून गेली. चूक माझीच, त्यांनी ईमेलमध्ये लिहिलं होतं, मी फक्त "काँग्रॅच्युलेशन्स" वाचलं.

तर मार्कशीट. ओरिजिनल. दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन. हरवली असेल तर शाळेत आणि बोर्डाच्या विभागीय ऑफिसात डुप्लिकेटसाठी आजच कुणाला तरी पाठवा, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत काही हलत नाही. त्यावर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं नाव असतं, आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, म्हणजे इथल्या माणसाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. मॅरेज सर्टिफिकेट जोडा. मराठी मीडियमवाल्यांनो, तुमचं इंग्लिश थर्ड लँग्वेज असेल तर ते धरायचं की वेगळी इक्विव्हॅलन्सी टेस्ट द्यायची हे ट्रेनिंग देणारी संस्था ठरवते. कुणाची टेस्ट चालेल हेही तीच ठरवते, म्हणून आधी विचारा आणि मगच पैसे भरा.

डीबीएस चेकसाठी, म्हणजे आपल्यावर काही गुन्हा नोंदलेला नाही ना ते बघतात त्यासाठी, गेल्या ५ वर्षांचे पत्ते तारखांसकट लागतात. भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागतात, ते हाय कमिशनकडून मिळतं, वेळ खातं.

अर्ज ऑक्टोबरपासून सुरू होतात, एका वेळी चार ठिकाणी करता येतात. पगारी जागा कमी असतात आणि लवकर भरतात, जानेवारीत "बघू" म्हणणारे बघतच राहतात. रेफरन्स देणाऱ्यांना आधी विचारून ठेवा. आणि अर्जाआधी निदान काही दिवस एखाद्या शाळेत जाऊन बसा, टीचिंग असिस्टंट म्हणून काम मिळालं तर उत्तमच, मला तर ते आधी करावं असं सुचलंही नव्हतं.

इंटरव्ह्यूला छोटा धडा घ्यायला लावतात, तो जमतो. खरा प्रश्न सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा. मूल म्हणालं "मिस, एक सीक्रेट सांगू, कुणाला सांगू नका" तर आपल्यातली मावशी लगेच "नाही सांगणार हं" म्हणून मोकळी होते. तसं वचन द्यायचंच नाही. ऐकायचं, लिहून ठेवायचं, शाळेत त्यासाठी नेमलेल्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं.

प्रायमरीवाल्यांनी फॉनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं, घासा. यात आपला फायदा आहे खरं तर, इंग्रज लोक 'म'ला 'अ' लावतात आणि मग त्यांना तो काढायला शिकवावं लागतं, आपल्याला पाय मोडलेला म् पहिलीपासून माहीत. तोटा एकच, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्या तोंडातून 'व' म्हणूनच येतात. आरशासमोर करा, मी आंघोळीला जाताना करायचे, घरचे हसायचे.

वर्ष सुरू झालं की साधारण पाचवा भाग वेळ ट्रेनिंगला मिळायला हवा, शाळेत कुणी आजारी पडलं की पहिला तोच कापला जातो, मेंटरला तेव्हाच सांगा. मध्ये काही आठवडे दुसऱ्या शाळेत. ट्रेनिंगचे पुरावे दर शुक्रवारी अपलोड करा, साठवू नका. पाण्याची बाटली, आरामाचे बूट. क्यूटीएसनंतर दोन वर्षं ईसीटी, म्हणजे नव्या टीचरचा सुरुवातीचा काळ, त्याचं तेव्हा बघा.

आईला फोन झाला का? फक्त "आहे गं कपाटात" एवढ्यावर ठेवू नका. कपाट उघडायला लावा.