पायलट जेटसाठी घरचीच अवजारं
चोक दिल्याशिवाय गाडी आयडलला (रेस न देता) टिकत नसेल, तर बहुधा पायलट जेट, म्हणजे कार्बुरेटरमधला आयडलचं पेट्रोल सोडणारा छोटा पितळी भाग, तुंबलाय. त्याचं भोक जेमतेम ०.४ मिमीचं. त्यात सेफ्टी पिन किंवा स्टीलची तार अजिबात घालू नका. पितळ खरवडलं की भोक मोठं होतं आणि मिक्स्चर कायमचं रिच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. ०.७५ चौरस मिमीच्या लवचिक वायरमधली तांब्याची एक तार, साधारण ०.२ मिमी, पुरते. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, तार हलकेच फिरवा, उजेडाकडे धरा: गोल ठिपका दिसायला हवा.

जेट काढायला जुना चपटा स्क्रूड्रायव्हर कानशीनं दोन्ही बाजूंनी घासा; तो जेट बसलेल्या नळीत शिरून जेटच्या खाचेत घट्ट बसला पाहिजे. पातं सैल असलं तर खाच झिजते. आधी पेट्रोल कॉक बंद करा, जवळपास विस्तव नको.