मार्चच्या थंडीत शिकारी पक्षी कसे मोजावेत

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला ऑन्टॅरिओ सरोवर आहे. सुमारे ३१० किलोमीटर लांब आणि ८५ किलोमीटर रुंद. मार्चमध्ये त्याचं पाणी हाडं गोठवील इतकं गार असतं. दक्षिणेत हिवाळा काढून परतणारे गरुड, गिधाडं आणि हॉक (शिक्र्यासारखे शिकारी पक्षी) या पाण्यापाशी येऊन अडतात. त्यांचं उडणं पंखांच्या ताकदीपेक्षा तापल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर चालतं, आणि गार पाण्यावर अशी हवा चढत नाही. मग ते किनारा धरून पूर्वेला सरकतात आणि सरोवराच्या आग्नेय कोपऱ्याला वळसा घालून उत्तरेची वाट धरतात. नेमक्या त्या कोपऱ्यावर डर्बी हिल ही पक्षी मोजण्याची जागा आहे. वसंतात इथून साधारण ४० हजार शिकारी पक्षी जाताना मोजले जातात.

मी तिथे स्वयंसेवक म्हणून उभी राहते. पहिल्यांदा सोबत येणाऱ्या मराठी मित्रमंडळींना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

दिवस वाऱ्यावरून ठरवा

सुट्टी कधी आहे ते नंतर बघा, आधी वारा बघा. दक्षिणेचा वारा, वाढतं तापमान आणि मागून येऊ घातलेला पाऊस, असा योग असेल तर सकाळीच निघा. दक्षिण वारा पक्ष्यांना पार पाण्याच्या कडेपर्यंत रेटतो, म्हणून त्या दिवशी सरोवराला लागून असलेल्या उत्तरेकडच्या जागेवर उभं राहायचं. वारा सरोवरावरून येऊ लागला की पक्ष्यांची वाट आत सरकते. तेव्हा दक्षिणेकडची जागा गाठायची.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. शहरात वाटते त्याहून पाण्याकाठची थंडी फार बोचरी असते, आणि आपण तासन् तास एका जागी असतो. थरावर थर घाला, पायांत लोकरीचे मोजे घाला. आठ किंवा दहा पटीची दुर्बीण, गॉगल, घडीची खुर्ची आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्या. नोंदीसाठी पेन्सिलच हवी, कारण थंडीत बॉलपेन चालेनासं होतं.

आधी डोळे, मग दुर्बीण

नवखा माणूस आल्या आल्या दुर्बीण डोळ्याला लावतो आणि निळ्या आभाळात हरवतो. आधी नुसत्या डोळ्यांनी सगळं आभाळ पाहून घ्या. मग दूरच्या झाडावर किंवा ढगाच्या कडेवर दुर्बीण नीट जुळवा आणि क्षितिजालगत सावकाश फिरवत न्या. टोकाला पोचलात की एक पट्टा वर चढा आणि उलट या. नांगरटीत कसं एका तासाला लागून दुसरं तास जातं, तसे हे पट्टे एकमेकांना लागून हवेत. मधली जागा सुटली की पक्षी सुटला. पांढरे ढग असले तर बरं. निरभ्र निळ्या आभाळात उंचावरचा पक्षी विरघळून जातो.

पक्षी दिसला की नुसतं बोट दाखवू नका, खूण सांगा: ‘उंच पाइनच्या डावीकडे, दोन बोटं वर, पूर्वेला चाललाय.’ अधिकृत मोजणी एकच जण करतो. बाकीच्यांनी त्याचे जादा डोळे व्हायचं.

रंग विसरा, ठेवण बघा

एवढ्या अंतरावर रंग दिसतच नाही, नुसती सावली दिसते. टर्की व्हल्चर नावाचं गिधाड पंख द्रोणासारखे किंचित वर उचलून धरतं आणि इकडून तिकडे डोलत जातं. बाल्ड ईगलचे पंख फळीसारखे सपाट. गोल्डन ईगलचे थोडे उचललेले, आणि डोकं शेपटीच्या मानाने लहान. कूपर्स हॉक आणि शार्प-शिन्ड हॉक आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतले: चार-सहा वेळा भराभर पंख मारायचे, मग तरंगायचं. गावाकडे शिक्रा पाहिलेला असेल तर ही चाल लगेच ओळखू येते. नॉर्दर्न हॅरियर हा आपल्या भोवत्याचा भाऊबंद. त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. ससाण्यांचे पंख टोकदार. मार्चच्या उत्तरार्धात रेड-शोल्डर्ड हॉक बरेच असतात. ब्रॉड-विंग्ड हॉकचे मोठे थवे मात्र एप्रिल सरता सरता येतात.

गोल फिरणारा थवा मोजू नका

इथेच सगळे फसतात. चढत्या हवेत घिरट्या घालणाऱ्या थव्याला इथले लोक ‘केटल’ म्हणजे किटली म्हणतात. तो मोजायला गेलात की तेच पक्षी पुन्हा पुन्हा मोजले जातात. धीर धरा. हवेच्या माथ्यावर पोचले की ते पंख थोडे आखडून एकामागोमाग एक पुढे घसरत निघतात. दिंडीसारखी रांग लागते. ती रांग मोजा. जपासाठी मिळतो तसला बोटाने दाबायचा काउंटर हाताशी ठेवा, म्हणजे नजर वरून हलवावी लागत नाही. रांग दाट असेल तर दहा पक्षी मोजून तेवढं अंतर डोळ्यांत धरा आणि पुढे दहादहाने जा.

एकाच शेतावर अर्धा तास फेऱ्या मारणारा रेड-टेल्ड हॉक तिथलाच रहिवासी आहे. त्याला प्रवाशांत धरू नका.

‘ओळखता आला नाही’ असं लिहा

नोंद दर तासाची वेगळी करायची: पक्षी, वारा, तापमान, ढग, दृश्यता आणि किती माणसं बघत होती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात. मोजणीचा तक्ता मात्र प्रमाण वेळेनेच भरतात, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या दिवसांचे तास जुळतात. एकही पक्षी न दिसलेल्या तासाला शून्य लिहा. रकाना रिकामा सोडलात तर तुम्ही तिथे होतात की नव्हतात, हेच पुढे कळणार नाही.

आणि खात्री नसेल तर नाव देऊ नका. पहिल्या वर्षी मी एक तरुण बाल्ड ईगल गोल्डन ईगल म्हणून सांगितला होता. शेजारच्या अनुभवी बाईंनी त्याच्या पंखाखालची पांढरी जागा दाखवली, तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्या काळात इथे येणारे गोल्डन ईगल मोजकेच असतात आणि माझा एक खोटा आकडा त्यांत कायमचा बसला असता. तक्त्यात अनोळखी पक्ष्यांसाठी रकाना असतो. तो निःसंकोच वापरा.

बाल्ड ईगल दिसला तर वयही टिपा. पांढरं डोकं साधारण पाचव्या वर्षी येतं, तोवर तो बराचसा तपकिरीच असतो. हे टिपण्याला मोल आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पक्ष्यांची शिकार थांबवण्यासाठी रोझली एज यांनी १९३४ मध्ये अभयारण्य उभं केलं आणि तिथे मॉरिस ब्राउन मोजणी करू लागले. १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या गरुडांत ४० टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्केच उरले. पिल्लंच निपजत नव्हती. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना हेच आकडे पुढे ठेवले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. डोंगरावर कुडकुडत कोणी तरी वय टिपलं होतं, म्हणून ते आकडे होते.

याच दिवसांत महाराष्ट्रातल्या माळरानांवरचे भोवत्येही उत्तरेला निघतात. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या गवताळ भागात हिवाळाभर राहिलेले हे पक्षी संध्याकाळी गवतात, जमिनीवरच, एकत्र मुक्कामाला उतरतात. त्यांची मोजणी सूर्यास्ताआधी तासभर जाऊन दुरून, एका जागी बसून करायची. पाऊल गवतात टाकायचं नाही. उतरणारा प्रत्येक पक्षी काउंटरवर दाबायचा, उठून दुसरीकडे बसलेला वजा करायचा, आणि अंधार पडला की आल्या वाटेने परत फिरायचं.